जिथे निशाण, तिथे हद्द : तिमोर बेटाच्या वाटणीचा तह

जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात. पूर्वेस ओढा, पश्चिमेस पाणंद, दक्षिणेस अमक्याचा बांध, उत्तरेस तमक्याचं रान. ओढा आणि पाणंद पन्नास वर्षांनीही जागेवर सापडतात. अमका आणि तमका सापडत नाहीत. त्यांच्या वाटण्या होतात, गट फुटतात, सातबाऱ्यावरचं नाव बदलतं, आणि मोजणीला आलेला भूकरमापक विचारतो, ‘यातला अमका नेमका कोणता?’ चारही बाजूंना नुसती माणसांचीच नावं असतील, तर दस्तावर कितीही शिक्के असोत, बांधावर तो कामाला येत नाही.

पोर्तुगाल आणि नेदरलँड्स यांनी २० एप्रिल १८५९ रोजी लिस्बनमध्ये तह करून आग्नेय आशियातलं तिमोर बेट वाटून घेतलं, ते अशाच चतुःसीमेवर. ती हद्द पुरती जमिनीवर उतरायला १९१६ उजाडलं. म्हणजे सत्तावन्न वर्षं गेली. आज नकाशात तिमोरच्या मधोमध जी रेषा दिसते, तिला सर्रास ‘१८५९ ची हद्द’ म्हटलं जातं. खरं तर ती १९०४ चा करार आणि १९१४ चा लवादाचा निवाडा यांची रेषा आहे. १८५९ च्या तहात रेषाच नव्हती, फक्त नावं होती.

हे दोन्ही पक्ष कोल्हापूरकरांना परके नाहीत. घाट उतरलं की एकीकडे पोर्तुगीजांचं गोवं, दुसरीकडे वेंगुर्ल्यात १६३७ पासूनची वलंदेजांची, म्हणजे डचांची, वखार. ही वखार फक्त व्यापारासाठी नव्हती. गोव्यावर नजर ठेवायची आणि गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना रसद पुरवायची, हेही तिचं काम होतं. तेच वैर पूर्वेच्या समुद्रात तिमोरवर चालू होतं. आणि १८४४ पर्यंत तिमोरचा कारभार गोव्याच्याच अखत्यारीत होता. पहिला गव्हर्नर १७०२ मध्ये तिथे गेला तो गोव्याहून नेमून.

भांडणाचं मूळ चंदन. आपल्याकडे जो चंदन उगाळतात, त्याच जातीचं झाड तिमोरच्या डोंगरांत होतं आणि त्याला चीनमध्ये मोठं गिऱ्हाईक होतं. पोर्तुगीज उत्तर किनाऱ्यावर लिफाऊला बसले, डचांनी १६५३ मध्ये पश्चिम टोकाला कुपांगचा किल्ला धरला. आतला मुलूख दोघांच्याही हातात नव्हता. तिथे स्थानिक राजे होते, त्यांना लिउराई म्हणतात, आणि व्यापारावर पकड होती ती तोपासांची. पोर्तुगीज बापांची आणि तिथल्या आयांची ही संतती. पोर्तुगीज बोलणारी, कॅथलिक, पण लिस्बनचं ऐकेलच असं नाही. १७४९ मध्ये पेनफुईच्या लढाईत डचांनी तोपासांची मोठी फौज मोडली. पुढे १७६९ मध्ये तोपासांच्याच दबावामुळे पोर्तुगीज गव्हर्नरला लिफाऊ सोडून पूर्वेला दिली या गावी राजधानी हलवावी लागली. लिफाऊचा हा तुकडा लक्षात ठेवा. पुढचा सगळा गुंता त्याच्याभोवती आहे.

तहाची सुरुवात १८५१ मध्ये झाली, तीही पैशांच्या चणचणीतून. त्या वर्षी जोझे जोआकिम लोपिश द लिमा हा गव्हर्नर दिलीला आला. हा माणूस १८४० ते १८४२ गोव्यात गव्हर्नर होता. दिलीचा खजिना रिकामा होता. त्याने डचांशी परस्पर करार केला: फ्लोरेस आणि आसपासच्या बेटांवरचा पोर्तुगीज हक्क सोडायचा, त्याबदल्यात २,००,००० फ्लोरिन, हे डचांचं चलन, घ्यायचे, त्यातले ८०,००० लगेच. लिस्बनची परवानगी त्याने घेतलेली नव्हती. लिस्बनने त्याला परत बोलावलं आणि परतीच्या वाटेवर १८५२ मध्ये बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तो वारला. पण ८०,००० फ्लोरिन घेऊन झाले होते. इसार घेतलेला व्यवहार मोडणं किती अवघड असतं ते वेगळं सांगायला नको. लिस्बनने गव्हर्नरचा अधिकार नाकारला, तरी व्यवहार टाळता आला नाही. १८५४ मध्ये एक मसुदा झाला, तो धर्मस्वातंत्र्याच्या कलमावरून अडला, आणि अखेर १८५९ चा तह झाला. त्यातही रक्कम तीच, २,००,००० फ्लोरिन, आधीचे ८०,००० वजा जाता १,२०,००० देणं. मंजुरीच्या प्रतींची अदलाबदल १८६० मध्ये झाली.

आता कलमं.

पहिल्या कलमात हद्द आहे. उत्तर टोक : कोवा आणि जुआनिलो या दोन राज्यांना वेगळी करणारी सीमा. दक्षिण टोक : सुआई आणि लाकेकुने यांच्यामधली सीमा. आणि मधल्या सगळ्या डोंगराळ मुलखाचं काय? तह सांगतो की या दोन टोकांच्या मध्ये दोन्ही सत्तांची हद्द म्हणजे लगतच्या पोर्तुगीज आणि डच राज्यांची आपापसातली हद्द. पुढे याद्या आहेत. पोर्तुगीज बाजूला कोवा, बालिबो, लामाकितू आणि इतर. डच बाजूला जुआनिलो, सिलावांग, फियालारांग, लामाकसानुलू आणि इतर. नदी नाही, डोंगराचं शिखर नाही, अक्षांश-रेखांश नाहीत.

याचा अर्थ काय झाला ते नीट पाहायला हवं. हद्द कुठे आहे हे तहाने सांगितलंच नाही, ते काम बालिबोच्या आणि सिलावांगच्या राजावर ढकललं. या राज्यांच्या सीमा आपल्या गावांच्या शिवेसारख्या दगड रोवून ठरलेल्या नव्हत्या. कोणतं गाव कोणत्या लिउराईला मान देतं, कोणाकडे खंडणी पोहोचवतं, कोणाच्या घरात मुली दिल्या आहेत, त्यावर राज्य ठरायचं. गाव रुसलं की राज्य आकसायचं. गाव पाण्यासाठी दरीपलीकडे हललं की राज्यही हलायचं. अशा सरकत्या नात्यांवर दोन युरोपीय सरकारांनी आंतरराष्ट्रीय सीमा टेकवली. वाटाघाटी करणाऱ्यांपुढे आतल्या मुलखाचा मोजणी केलेला नकाशा नव्हता. ही माझ्या मते तहातली मूळ चूक. बाकीच्या चुका तिच्यातून आल्या.

इथे १३ एप्रिल १७३१ चा वारणेचा तह शेजारी ठेवून वाचावा. सातारचे शाहू छत्रपती आणि करवीरचे संभाजी छत्रपती यांच्यातला हा नऊ कलमांचा करार लिस्बनच्या तहाच्या १२८ वर्षं आधीचा आहे. त्यात मुख्य हद्द पाण्यावर टाकली आहे : वारणा आणि कृष्णा यांच्या संगमापासून दक्षिणेला कृष्णा-तुंगभद्रेच्या निवृत्तिसंगमापर्यंतचा मुलूख गड-ठाण्यांसह करवीरकडे. हरिपूरला आजही उभं राहून तो पहिला संगम दाखवता येतो. कोपळचा किल्ला इकडे आणि रत्नागिरी तिकडे, अशी नावानिशी अदलाबदल आहे. वडगावचं ठाणं पाडायचं, असा एक ठिकाण धरून हुकूम आहे. एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवू नयेत हे कलम तर फार शहाणपणाचं, कारण हद्दीवरच्या सरदारांनी बाजू बदलली की हद्दच बदलते हे दोघांनाही अनुभवाने ठाऊक होतं. या तहातही कच्चं कलम आहेच. तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंतचा मुलूख निम्मा-निम्मा, हे हातात नसलेल्या गोष्टीचं वाटप होतं. पण जे हातात होतं ते दाखवता येईल अशा खुणांनी लिहिलं. वारणा आजही कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांची हद्द सांभाळते आहे.

लिस्बनच्या दुसऱ्या कलमात अपवाद आहेत. हद्दीच्या पूर्वेचं सगळं पोर्तुगालचं, मौकातार सोडून. ते पोर्तुगीज राज्यांच्या मध्ये अडकलेलं डच राज्य. हद्दीच्या पश्चिमेचं सगळं डचांचं, ओएकुसी सोडून; तो डच मुलखात अडकलेला पोर्तुगीज तुकडा. ओएकुसी म्हणजेच तो जुन्या लिफाऊचा भाग. पोर्तुगीजांची पहिली राजधानी तिथली, म्हणून तो सोडवेना. विलीनीकरणाआधीचा दक्षिण महाराष्ट्राचा नकाशा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना असे तुकडे नवे नाहीत. कोल्हापूर, सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी यांची गावं एकमेकांत गोधडीच्या ठिगळांसारखी शिवलेली होती. पण आपल्याकडे कोणतं गाव कोणत्या संस्थानाचं याची दप्तरं होती. तिमोरात दप्तर नव्हतं.

मग तुकड्याची हद्द कशी लिहिली? तिसरं कलम म्हणतं, ओएकुसीच्या तुकड्यात तीन गोष्टी येतात : खुद्द ओएकुसी, नोइमुती, आणि आंबेनो राज्याचा ‘जिथे जिथे पोर्तुगीज निशाण उभारलेलं आहे’ तेवढा भाग.

हे शब्द वाचून थांबायला हवं. पोर्तुगीज ज्या राजाला मांडलिक करून घेत, त्याला निशाण देत, मानाची काठी देत, कर्नल वगैरे हुद्दा देत. डचही काठ्या आणि निशाणं देत. तिमोरच्या घरांत ही वस्तू पुढे पवित्र झाली. ‘लुलिक’ म्हणजे शिवू नये असं देवाचं. त्या घरात पूर्वजांच्या तलवारींशेजारी घडी घालून निशाण ठेवलं जायचं आणि विधीच्या वेळी बाहेर निघायचं. देव्हाऱ्यातले टाक जसे बाहेर काढतात तसं. म्हणजे ज्या निशाणावर तहाने हद्द टांगली, ते राजासाठी आपल्या घराण्याच्या शक्तीचं चिन्ह होतं. परक्या सरकारचा सीमास्तंभ म्हणून त्याने ते घेतलेलं नव्हतं. एका घराण्यात दोन्ही सत्तांच्या वस्तू असणं अशक्य नव्हतं. निशाण कोणत्या तारखेला उभं असलं पाहिजे, कोणत्या गावात, कोणी मोजायचं, काहीही लिहिलेलं नाही.

चौथ्या कलमाने मौबारा हे उत्तर किनाऱ्यावरचं राज्य डचांकडून पोर्तुगालला गेलं. दिलीसमोरचं अताऊरो बेटही पोर्तुगीजांकडे राहिलं. बदल्यात फ्लोरेसवरचे लारांतुका, सिक्का आणि पागा, शिवाय अदोनारा आणि सोलोर बेटांवरची ठिकाणं डचांना मिळाली. तिथल्या कॅथलिकांच्या धर्माला धक्का लागणार नाही, अशी हमी तहात आहे, आणि हे एक कलम खरोखर टिकलं. लारांतुकात पवित्र शुक्रवारची मिरवणूक आजही निघते.

व्हायचं ते झालं. कोणता राजा कुठवर, यावर तंटे सुरू राहिले आणि एक सत्ता दुसरीच्या मुलखातून गेल्याशिवाय आपल्याच तुकड्यात पोहोचू शकत नव्हती. १० जून १८९३ रोजी लिस्बनमध्ये नवा करार झाला. त्यात दोन कामं ठरली. एक, तज्ज्ञांचं मंडळ प्रत्यक्ष जागेवर पाठवून हद्द स्पष्ट करायची. दोन, शक्यतो तुकडे संपवायचे. वाद उरलाच तर लवाद, हीही सोय होती. मंडळ १८९८-९९ मध्ये डोंगर हिंडलं, नकाशे झाले, बरीचशी हद्द जुळली. तुकड्यांवर गाडी अडली. १९०२ मध्ये हेगला बैठक झाली आणि १ ऑक्टोबर १९०४ रोजी करार. मौकातार पोर्तुगालला, नोइमुती, ताहाकाई आणि तामिरू ऐलाला नेदरलँड्सला. ओएकुसी किनाऱ्यालगत पोर्तुगीजांकडेच राहिलं. कराराला मंजुरी मिळाली १९०८ मध्ये.

१९०४ चा करार वाचताना फरक लगेच जाणवतो. राजांची नावं मागे पडली, नद्या पुढे आल्या. अमुक नदीच्या ‘थालवेग’ने जायचं, तमुक संगमापाशी वळायचं. थालवेग म्हणजे पात्रातल्या सगळ्यात खोल भागांना जोडणारी रेषा, नावा चालतात ती धार. कृष्णाकाठच्या मळीच्या रानाचे वाद पाहिलेल्यांना याचं महत्त्व कळेल : काठ धरून हद्द लिहिली तर पूर आला की काठ सरकतो, पात्राचा मध्य धरला तर उन्हाळ्यात मध्य कुठला ते कळत नाही, म्हणून खोल धार. पण हा नियम भरल्या नदीसाठी चांगला. तिमोरच्या पुष्कळ नद्या वर्षातला बराच काळ गोट्यांचं रुंद कोरडं पात्र असतात आणि पावसाळ्यात एका रात्रीत चार फाटे फुटून वाहतात. पूर ओसरला की धार दुसऱ्याच फाट्यात.

आणि तरीही १९०९ मध्ये जे अडलं ते धारेमुळे नाही, पुन्हा नावामुळेच. ओएकुसीच्या पूर्व हद्दीचं वर्णन असं होतं : नोएल बिलोमी नदीने येऊन ओए-सुनान हा प्रवाह जिथे मिळतो तिथून ओए-सुनानच्या थालवेगने वर जायचं, ‘शक्य तितकं’ निपानी आणि केलाली या तिथल्या ठिकाणांमधून जायचं, मग नोएल मेतो नदीचा उगम गाठायचा आणि त्या नदीने समुद्रापर्यंत. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी मोजणीला गेले. नोएल मेतो सापडली. बिलोमीही सापडली. नकाशात दाखवलेल्या जागी ओए-सुनान नावाचा प्रवाह मात्र नव्हता. तिथे पाणी येऊन मिळत होतं, पण लोक त्याला दुसऱ्याच नावांनी ओळखत होते. डचांचं म्हणणं, नाव चुकलं असेल, नकाशावर दाखवलेली जागा हीच, हेच पाणी धरून उत्तरेला चला. पोर्तुगीजांचं म्हणणं, करारात नाव लिहिलं आहे ना, मग त्या नावाचा प्रवाह बिलोमीच्या वरच्या अंगाला पूर्वेकडे शोधा. पूर्वेकडे जितकं जावं तितकी पोर्तुगीज जमीन वाढणार होती. मोजणी थांबली.

डोंगरात एकाच ओढ्याला तीन गावांत तीन नावं असतात हे राधानगरी, भुदरगडच्या माणसाला नवीन नाही. उगमाकडचं नाव वेगळं, वाडीतलं वेगळं, नदीला मिळतानाचं वेगळं. बाहेरून आलेला मोजणीदार ज्याला विचारतो, त्याच्या वाडीचं नाव नकाशात चढतं. करारात ओढ्याच्या नावाबरोबर ‘सोबतच्या नकाशात अमुक अक्षराने दाखवलेला’ एवढे शब्द असते आणि नाव-नकाशात विसंगती आली तर कोणाचं ऐकायचं हे लिहिलेलं असतं, तर पाच वर्षं वाचली असती. ‘शक्य तितकं’ हे शब्द तर सीमेच्या वर्णनात असूच नयेत.

३ एप्रिल १९१३ रोजी दोघांनी प्रकरण हेगच्या कायमस्वरूपी लवाद न्यायालयाच्या व्यवस्थेत नेलं. एकच लवाद नेमला : शार्ल एदुआर लार्दी, स्वित्झर्लंडचे पॅरिसमधले राजदूत. २५ जून १९१४ ला त्यांनी निवाडा दिला. त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. नाव कुठे सापडतं हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आणि १९०२ च्या बैठकीत काय बोलणं झालं होतं, कोणी कोणती रेषा मागितली, कोणती नाकारली गेली आणि शेवटी नकाशावर दोघांनी कशाला हो म्हटलं, हे तपासलं. पूर्वेकडची रेषा पोर्तुगालने तेव्हाच मागितली होती आणि डचांनी ती मान्य केली नव्हती. मग नावातल्या चुकीच्या आधारे ती मागच्या दाराने देता येत नाही. करार म्हणजे दोघांचा खरा, सामाईक हेतू. एखादा शब्द चुकीचा पडला म्हणून हेतू बदलत नाही. निकाल नेदरलँड्सच्या बाजूने गेला. महिन्याभराने युरोपात महायुद्ध पेटलं, तरी १९१५ मध्ये हद्दीचे दगड बसले आणि १९१६ मध्ये मौकातार-नोइमुतीची अदलाबदल पुरी झाली.

या सगळ्यात तिमोरच्या एकाही लिउराईची सही नाही. रेषेने तेतुम, बुनाक आणि केमाक बोलणारी गावं दोन्हीकडे वाटली गेली. तेतुम लोक ज्याला आपलं मूळपीठ मानतात ते वेहाली डच बाजूला राहिलं आणि त्याला मानणारी कितीतरी गावं पोर्तुगीज बाजूला. देवीचं ठाणं एका देशात आणि कूळ दुसऱ्या देशात, अशी ही फाळणी.

पुढे डच गेले, इंडोनेशिया आला. पोर्तुगीज तिमोरने २८ नोव्हेंबर १९७५ ला स्वातंत्र्य जाहीर केलं आणि ७ डिसेंबरला इंडोनेशियाने आक्रमण केलं. ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के लोकांनी वेगळं होण्याच्या बाजूने कौल दिला, २० मे २००२ ला तिमोर-लेस्ते स्वतंत्र झाला. सुमारे १५,००० चौरस किलोमीटरचा हा देश म्हणजे ७,६८५ चौरस किलोमीटरच्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या जवळपास दुप्पट. त्यातलं ओएकुसी आठशेहून थोडं अधिक चौरस किलोमीटरचं, तीन बाजूंनी इंडोनेशिया आणि चौथ्या बाजूला समुद्र. दिलीहून तिथे जायचं तर बोट, विमान, नाहीतर दुसऱ्या देशातून रस्ता.

हद्दीच्या बोलणीला दोन्ही नवे देश बसले तेव्हा समोर पुन्हा तेच कागद आले, १९०४ आणि १९१४. वसाहतीकडून मिळालेली हद्द जशीच्या तशी वारशाने येते, या तत्त्वाने दुसरा मार्ग नव्हता. ८ एप्रिल २००५ च्या तात्पुरत्या करारात सुमारे ९६ टक्के हद्द जुळली. जी उरली, तिच्यातला सगळ्यात मोठा तुकडा ओएकुसीच्या पश्चिम टोकाला नोएल बेसी नदीच्या मुखापाशी, नाकतुका इथे होता. क्षेत्र सुमारे १,०६९ हेक्टर, म्हणजे २,६४० एकर. सपाट, पाण्याची, पिकाची जमीन. १९०४ चा करार सांगतो, हद्द नोएल बेसीच्या थालवेगने जाते. समुद्राजवळ तिथे एकाहून जास्त पात्रं आहेत, आणि त्यातलं नोएल बेसी कोणतं, यावर वाद होता.